ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरते? आधी निदान, मग खर्च



दिवाळीच्या सुट्टीत आणि लग्नसराईत आपल्यापैकी बरेच जण इंदूरहून स्वतःच्या गाडीने नाशिक-पुण्याकडे निघतात. वाटेत मानपूरनंतरचा उतार आणि सेंधव्यापुढचा बिजासन घाट लागतो. गेल्या वर्षी मानपूरचा उतार उतरताना मी ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग हातात थरथरू लागले. मागे सौ. आणि नातू बसलेले. ब्रेक सोडला की थरथर थांबे, दाबला की पुन्हा सुरू. खालच्या गिअरमध्ये हळूहळू धामणोद गाठले. तिथल्या मेकॅनिकने पॅड आणि ब्रेक ऑइल ठीक असल्याचे पाहिले, तेव्हा कुठे पुढे निघालो.

परत आल्यावर दोनदा व्हील बॅलन्सिंग करून घेतले. पैसे गेले, थरथर राहिली. तिसऱ्या ठिकाणी सस्पेन्शन बदलण्याचा मोठा आकडा सांगितला. शेवटी एका जुन्या, अनुभवी मेकॅनिकने गाडीला हात लावण्याआधी मला तीन प्रश्न विचारले. ते सर्वांच्या उपयोगी पडतील म्हणून हा लेख.

पहिला प्रश्न : थरथर केव्हा होते? ब्रेक न लावताही ८०-१०० च्या वेगाला होत असेल, तर बॅलन्सिंग, टायर किंवा रिम तपासावी. फक्त ब्रेक लावल्यावर होत असेल, तर आधी ब्रेक डिस्क पाहावी. बॅलन्सिंगने ती बरी होत नाही.

दुसरा : कुठे जाणवते? स्टिअरिंगमध्ये जाणवली तर बहुधा पुढची चाके. सीटमध्ये आणि गाडीच्या अंगात जाणवली तर मागचे ड्रम किंवा डिस्क. एकदम जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली टकटक करते, ते मात्र एबीएसचे काम आहे, दोष नव्हे.

तिसरा : अलीकडे चाके काढली होती का? याचे महत्त्व मला तेव्हा कळले नाही. त्याआधी काही महिन्यांपूर्वी मी टायर अदलाबदल करून घेतले होते.

आता कारण पाहू. १२०० किलोची गाडी ८० च्या वेगावरून थांबवताना सुमारे ३ लाख ज्यूल उष्णता तयार होते. एक लिटर पाणी ३० अंशांवरून उकळायला लागते, जवळपास तेवढी. तिचा मोठा वाटा पुढच्या दोन डिस्क सोसतात. डिस्कची जाडी सगळीकडे सारखी असेल तर पॅड एकसारखा दाबला जातो. जाडीत केवळ ०.०२ मि.मी.चा, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण चौथ्या हिश्श्याचा फरक पडला तरी दाब कमी-जास्त होतो. ८० च्या वेगाला चाक सेकंदाला सुमारे १२ वेळा फिरते, तितक्या वेळा हा धक्का स्टिअरिंगपर्यंत पोहोचतो. आपण ‘डिस्क वाकली’ म्हणतो, पण बहुतेक वेळा ती वाकलेली नसते. असमान झिजलेली असते किंवा तिच्यावर पॅडचा थर असमान चिकटलेला असतो.

हा फरक पडतो कशाने? चाकाचे नट हवेच्या गनने कमी-जास्त आवळले, किंवा हब आणि डिस्क यांच्यामध्ये गंज राहिला, तर डिस्क किंचित तिरकी फिरते. लगेच काही जाणवत नाही. काही हजार किलोमीटरांत पॅड तिला एकाच जागी घासत राहतो आणि मग थरथर सुरू होते. माझ्या गाडीत हेच झाले होते. कॅलिपरची पिन अडकली, तरी पॅड सतत घासून डिस्क तापते; अशा वेळी एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त गरम लागते.

मेकॅनिकने डायल गेज लावला. डिस्क ०.११ मि.मी. डुलत होती. हब घासून साफ केला, नट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचने आवळले, तेव्हा आकडा ०.०४ वर आला. म्हणजे मूळ दोष गेला, पण डिस्कची झीज व्हायची ती झालीच होती. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. त्यापेक्षा पुरेशी जाडी शिल्लक असल्यास लेथवर घासून घेता येते, नसल्यास बदलावी. तीही दोन्ही बाजूंची, नव्या पॅडसह. माझ्या डिस्क बदलाव्या लागल्या. सस्पेन्शनला हात लावावा लागला नाही. बॉल जॉइंट किंवा टाय रॉड ढिले असतील तर थरथर वाढते, म्हणून तेही हलवून पाहावेत.

नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत बेताने ब्रेक लावत ८-१० वेळा वेग कमी करावा. मध्ये गाडी चालू ठेवून डिस्क थंड होऊ द्याव्यात.

पुढे काळजी म्हणून इतके करावे : घाटात ब्रेकवर पाय ठेवून न राहता खालचा गिअर वापरावा. उतार संपल्याबरोबर थांबलो, तर सपाट जागा पाहून ब्रेक पेडल फार वेळ दाबून धरू नये. तापलेल्या चाकांवर लगेच पाणी मारू देऊ नये. टायरवाल्याला नट शेवटी टॉर्क रेंचनेच आवळायला सांगावे. आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो.

आणि गाडी एका बाजूला ओढत असेल, पेडल खोल जात असेल, लोखंड घासल्याचा आवाज किंवा जळका वास येत असेल, तर प्रवास तिथेच थांबवावा. लग्नाचा मुहूर्त चुकला तरी चालेल.

गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी वरच्या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून न्या. मी नेली असती, तर बॅलन्सिंगचे दोन्ही वेळचे पैसे वाचले असते.