एक बिंदु हरवला तर

परभणी जिल्ह्यांतील गंगाखेड हें गोदाकांठचें गांव संत जनाबाईंचें म्हणून सर्वांस ठाऊक आहे. आमचें जुनें घर याच गांवांतलें. आजी पहांटे जात्यावर बसून ज्या चालीवर ओव्या म्हणे, ती चाल दुसऱ्या कोणाच्या तोंडीं आम्हीं ऐकली नाहीं. पुढें पीठ गिरणींतून येऊं लागलें आणि जातें कोपऱ्यांत गेलें. तरी आजी असतांनाच माझ्या चुलतभावानें ती चाल भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपींत उतरवून संगणकांत ठेविली. कागदाला वाळवी लागते. संगणकांतलें अक्षय राहील, अशी आम्हां सर्वांची समजूत होती.

गेल्या श्रावणांत ती समजूत ढळली. माझी मुलगी नवा छापलेला कागद पुढें ठेवून पेटीवर चाल बसवीत होती. ओसरीवर बसलेल्या आत्याबाई एकाएकीं म्हणाल्या, "अग, आईची चाल अशी नव्हती. ती येथें खालीं उतरत असे." जुना कागद शोधून दोन्ही शेजारीं ठेवले, तेव्हां उलगडा झाला. स्वरलिपि छापणाऱ्या आज्ञावलीची नवी आवृत्ति घरांत आली होती आणि तिच्यांत पंचमाखालचे बिंदु गळाले होते. भातखंडे पद्धतींत अक्षराखालीं बिंदु म्हणजे मंद्र सप्तक, वर बिंदु म्हणजे तार सप्तक, आणि बिंदु नसला म्हणजे मध्य. पलुसकर पद्धतींत तर वरचा बिंदु मंद्राचा. एवढ्याशा ठिपक्यावर स्वर सबंध सप्तकानें खालींवर होतो!

यांत लबाडी कोणाचीच नव्हती. आज्ञावली लिहिणारा एक दोष काढावयास जातो, आणि त्याच हातानें दुसरीकडचें नीट चाललेलें काम नकळत बिघडतें. यावरील रूढ उपायास रिग्रेशन टेस्टिंग म्हणतात. सुधारणेच्या भरांत पूर्वीचें कांहीं मोडलें नाहीं ना, हें प्रत्येक फेरबदलानंतर यंत्राकडूनच तपासून घेणें, असा त्याचा अर्थ.

लिलिपाँड नांवाच्या आज्ञावलींत याचा उत्तम नमुना पाहावयास सांपडतो. हान-वेन नीनहाउस व यान न्यूवनहाउझेन या दोघां डच गृहस्थांनीं १९९६ सालीं तिचा आरंभ केला. ती पाश्चात्य पांच रेघांची स्वरलिपि छापते. तिची अंतर्गत घडण सर्वांस खुली असल्यामुळें कोणीहि ती विनामूल्य घ्यावी आणि सुधारावी. परंतु जेथें अनेक हात लागतात, तेथें राखणहि तितकीच कडक हवी. म्हणून तिच्याबरोबर हजाराहून अधिक लहान लहान उतारे ठेविलेले आहेत. प्रत्येक उताऱ्यांत बहुधा एकाच गोष्टीची परीक्षा असते. कोठें दोन स्वरांवरील कमान, कोठें स्वरांखालीं लिहिलेले शब्द. छापून आल्यावर काय दिसावें, हेंहि सोबत थोडक्यांत लिहिलेलें असतें. फेरबदलापूर्वीं सर्व उतारे छापून ठेवावयाचे आणि नंतर पुन्हां छापावयाचे. मग यंत्र जुनें व नवें ताडून पाहतें, चिन्हें किती सरकलीं तें मोजतें, आणि ज्यांत फरक अधिक ते उतारे यादींत वर मांडतें. नवा दोष आढळला, तर त्यासाठीं एक नवा उतारा त्यांत घालतात. मग तोच दोष पुन्हां चोरपावलांनीं येऊं शकत नाहीं.

आपल्या घरांतील मंडळींस ही युक्ति अगदींच परकी वाटूं नये. वेदपाठकांनीं लेखणीवर न विसंबतां संहिता राखली, ती पद, क्रम, जटा, घन या पाठांनीं. जटापाठांत दोन पदें सुलट, मग उलट, मग पुन्हां सुलट म्हणावयाचीं. एखादें पद चुकलें, तर जुळणी तत्क्षणीं मोडते आणि चूक उघडी पडते.

मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. यंत्र फरक दाखवितें; तो फरक बिघाड कीं सुधारणा, याचा निर्णय अखेर माणसानेंच द्यावयाचा असतो. आमच्या घरीं तो निर्णय आत्याबाईंच्या कानानें दिला. त्या आतां पंचाहत्तरीच्या पुढें आहेत. त्यांच्यामागें हा कान कोणाचा?

म्हणून चुलतभावानें दोन कामें केलीं. बिंदु गळालेल्या चार ओळी त्यानें आज्ञावलीच्या कर्त्यांकडे नमुना म्हणून पाठविल्या. आणि आत्याबाईंनीं पडताळलेला जुना कागद मूळ प्रत म्हणून वेगळा ठेविला. यापुढें नवी आवृत्ति आली कीं, सर्व ओव्या पुन्हां छापून त्या प्रतीशीं ताडावयाच्या, असा घरांत नियम झाला आहे. ज्या घरीं आजीचीं गाणीं, आरत्या, मंगलाष्टकें संगणकांत उतरवून ठेविलीं असतील, त्यांनींहि एक पडताळलेली प्रत आणि जाणत्या माणसाचा ध्वनिमुद्रित आवाज जवळ ठेवावा. जपून ठेविलें म्हणजे राखलें, असें होत नाहीं. वेळोवेळीं ताडून पाहिलें, तरच तें राखलें जातें.

आमची मुलगी आतां ती ओळ जुन्या कागदावरून म्हणते. मंद्र पंचमाशीं तिचा आवाज अजून अडखळतो. पण आत्याबाई तिला थांबवीत नाहींत.