आयर्लंडच्या समुद्रांतील अन्नाची सीमा

एकाच राज्याच्या एका भागांतून दुसऱ्या भागांत बटाट्याचें बेणें नेण्यास बंदी व्हावी, ही गोष्ट आमच्या वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु १ जानेवारी २०२१ पासून स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड यांचे दरम्यान नेमकें हेंच घडलें. दोन्ही प्रांत ब्रिटिश राज्याचेच. मध्यें केवळ अरुंद समुद्र.

याचें कारण असें. ब्रिटननें ३१ जानेवारी २०२० रोजीं युरोपीय संघ सोडला व वर्षाअखेर संघाचे नियम तेथून उठले. आयर्लंडचें प्रजासत्ताक मात्र संघांतच आहे. तेव्हां परक्या मालाची तपासणी कोठें तरी करणें प्राप्त झालें. ती दोन आयर्लंडांमधील सुमारें ५०० किलोमीटरच्या सीमेवर करावी, तर १९९८ च्या करारानें मोठ्या कष्टानें मिळविलेली शांतता धोक्यांत येणार. शिवाय उत्तरेकडील पुष्कळसें दूध ही सीमा ओलांडून दक्षिणेतील कारखान्यांत जातें. तें नाक्यावर अडकून चालावयाचें नाहीं. म्हणून तपासणी लार्न, बेलफास्ट इत्यादि बंदरांवर नेण्यांत आली, आणि उत्तर आयर्लंडांत मालापुरते संघाचेच नियम चालू राहिले.

आपल्याकडील जुन्या जकातनाक्यांशीं यांची तुलना करूं नये. जकात भरली कीं गाडी सुटे. येथें मांसदुधाच्या जिनसांस पशुवैद्याच्या सहीचा दाखला लागतो. ताजा खिमा व सॉसेज संघाबाहेरून आणण्यास तर साफ मनाई. सवलतीच्या मुदती वाढवून ती पुढें ढकलावी लागली. जुना नांगर आणावयाचा तरी त्यास चिकटलेली माती धुऊन दाखला घेणें आलें.

खरा फटका बेण्याचा. स्कॉटलंडची हवा थंड व वाऱ्याची असल्यानें तेथें माव्याचा उपद्रव कमी, आणि माव्याबरोबर पसरणारे विषाणुरोगही कमी. आंबेगांव तालुक्यांतील शेतकरी बटाट्याच्या बेण्यासाठीं पंजाबकडे पाहतो, तसा उत्तर आयर्लंडचा शेतकरी स्कॉटलंडकडे पाही. एका रात्रींत तें बेणें परक्या देशाचें ठरलें. शेतें तींच, तपासनीस तेच, रोगही नवा आला नव्हता. संघाचें म्हणणें, आज नियम सारखे असले तरी पुढेंही ते सारखे ठेवण्याची हमी द्या. ब्रिटननें ती दिली नाहीं. दोन्ही पक्षांचें म्हणणें समजण्याजोगें आहे, परंतु पेरणी कोणाच्या वादासाठीं थांबत नाहीं.

२७ फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर येथील करारानें कांहीं गांठी सुटल्या. त्या वर्षीं १ ऑक्टोबरपासून दोन वाटा झाल्या: उत्तर आयर्लंडांतच खपणाऱ्या मालास हिरवी वाट व थोडे कागद, पुढें संघांत जाणाऱ्यास तांबडी वाट व पुरी तपासणी. बेण्यासही वनस्पति-आरोग्याच्या चिठ्ठीवर परवानगी मिळाली. बदल्यांत ‘युरोपीय संघासाठीं नव्हे’ अशी चिठ्ठी प्रथम मांस व ताजें दूध यांवर, आणि १ जुलै २०२५ पासून कांहीं फळें-भाज्या व मासे यांवरही आली. लहान दुकानदारास माल पाठविणाऱ्या व्यापाऱ्यास ही निराळी चिठ्ठी परवडतेच असें नाहीं.

१९ मे २०२५ रोजीं लंडन येथें उभयतांनीं प्राणी व वनस्पतींच्या आरोग्याचे नियम एकत्र करण्याच्या दिशेनें जाण्याचें ठरविलें. त्यांत संघाचे बदलते नियम ब्रिटननें पाळीत जाण्याची अट आहे. म्हणजे बेण्याच्या वादांत जी हमी नाकारली होती, तीच देण्यास त्या दिवशीं ब्रिटन तयार झालें.