डिसेंबरचं मूल, जूनची शाळा

महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. शाळा मात्र जूनमध्येच भरते. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं मूल पहिल्या दिवशी जेमतेम साडेपाचचं आणि बाकावर शेजारी बसलेलं जानेवारीचं मूल जवळजवळ साडेसहाचं! मनगटाची आठ हाडं जन्मतः कूर्चेची असतात. पाच-सहा वर्षांपर्यंतही त्यांचं हाडात रूपांतर पुरं झालेलं नसतं. मग पेन्सिल मुठीत धरली जाते, ‘ळ’ रेघ सोडून पळतो आणि वहीत बाईंचा शेरा येतो.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातही तारीख हीच, ३१ डिसेंबर. तिथल्या नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. जानेवारीतल्या मुलग्यांपेक्षा डिसेंबरातल्या मुलग्यांत एडीएचडीचं, म्हणजे अतिचंचलतेचं, निदान होण्याची शक्यता ३० टक्क्यांनी जास्त निघाली. मुलींत तर ७० टक्क्यांनी. यातली बरीच मुलं आजारी नव्हती, नुसती लहान होती, असं मानायला भरपूर जागा आहे.

तेव्हा शेजारच्यांनी मूल शाळेत घातलं म्हणून आपणही घालू नका. चपला आपल्या आपण घालतं का, दोन सूचना लक्षात ठेवतं का, आईवाचून रमतं का, ते पाहा. नसेल तर खुशाल वर्षभर थांबा.