टीबोला आणखी एक संधी? माझं मत 'हो'



आपल्यातल्या बऱ्याच जणांची अमेरिकन फुटबॉलशी ओळख सुपर बोलच्या रविवारी चिप्स खाण्यापुरतीच. तरी टिम टीबो हे नाव कानावरून गेलं असेलच. सामन्यानंतर एक गुडघा टेकून, मूठ कपाळाला लावून प्रार्थना करणारा तो. २०११ मध्ये लोक ऑफिसात, विमानतळावर, लग्नात तशी पोझ घेऊन फोटो काढायचे आणि त्या प्रकाराला 'टीबोइंग' म्हणायचे. काही भक्तीनं, बरेचसे टिंगल म्हणून.

मे २०२१ मध्ये जॅक्सनव्हिल जॅग्वार्सनी त्याला करारबद्ध केलं. वय ३३, आठ वर्षांहून जास्त काळ एनएफएलचा एकही अधिकृत सामना नाही, आणि जागा टाइट एंडची, जी तो व्यावसायिक फुटबॉलमध्ये कधी खेळलाच नव्हता. एवढा गदारोळ झाला की विचारू नका. ही संधी द्यायला हवी होती, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. का, ते सांगतो.

आधी थोडा इतिहास. टीबोचा जन्म १९८७ चा, फिलिपिन्समधला. आईवडील बॅप्टिस्ट मिशनरी. शिक्षण घरीच. फ्लोरिडा विद्यापीठाकडून खेळताना २००७ मध्ये हाइझमन ट्रॉफी मिळवली, आणि कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात असताना ती मिळवणारा तो पहिलाच. खेळाडू उन्हाची तिरीप लागू नये म्हणून डोळ्यांखाली काजळासारखे काळे पट्टे लावतात, त्यावर हा बायबलच्या वचनांचे क्रमांक लिहायचा. जानेवारी २००९ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात त्यानं 'योहान ३:१६' लिहिलं आणि निम्मी अमेरिका गूगलवर तेच शोधत बसली. पुढे २०१० मध्ये कॉलेज फुटबॉलनं असं काही लिहायलाच बंदी केली. लोक त्याला 'टीबो नियम'च म्हणतात.

खेळाडू म्हणून तो कसा होता? खरं सांगायचं तर क्वार्टरबॅक म्हणून कच्चा. फेकण्याआधी चेंडू खाली नेऊन मोठा वळसा घ्यायचा, तेवढ्यात बचाव करणारे अंगावर यायचे. २०११ मध्ये डेन्व्हरकडून त्याचे शंभरातले साधारण ४६-४७ पासच नीट पोचले. बऱ्या क्वार्टरबॅकचे साठाच्या वर पोचतात. पण त्याच मोसमात १ विजय आणि ४ पराभव अशा अवस्थेतला संघ त्याच्या हाती आला आणि डिव्हिजन जिंकून गेला. मायामीविरुद्ध शेवटची तीन मिनिटं उरेपर्यंत १५-० नं मागे होते, जिंकले १८-१५. कॅन्ससविरुद्ध अख्ख्या सामन्यात त्याचे दोनच पास पोचले, तरी जिंकले! ८ जानेवारी २०१२ ला पिट्सबर्गविरुद्ध जादा वेळेतल्या पहिल्याच चालीवर ८० यार्डांचा टचडाउन. त्या दिवशी त्याच्या पासचे यार्ड भरले ३१६. योगायोगावर विश्वास नसणारे तेव्हापासून ते ३:१६ शी जोडत बसलेत. मी इंजिनियर माणूस, मी त्याला योगायोगच म्हणतो.

अडीच महिन्यांत डेन्व्हरनं पेटन मॅनिंगला आणलं आणि टीबोची रवानगी न्यूयॉर्क जेट्सकडे झाली. तिथे २०१२ च्या पूर्ण मोसमात आठ पास. २०१३ मध्ये न्यू इंग्लंड आणि २०१५ मध्ये फिलाडेल्फिया यांनी घेतलं आणि मोसमाआधीच सोडलं. मग हा पठ्ठ्या मेट्सच्या ज्युनियर संघांतून बेसबॉल खेळला.

२०२१ च्या संधीवरचा सगळ्यात वजनदार आक्षेप वशिल्याचा होता. जॅक्सनव्हिलचे तेव्हाचे प्रशिक्षक अर्बन मायर हे त्याचे कॉलेजचे प्रशिक्षक. वशिला होताच, नाकारण्यात अर्थ नाही. दुसरा आक्षेप कॉलिन केपरनिकचा. तोही गुडघा टेकणारा, पण २०१६ मध्ये आणि वंशभेदाच्या निषेधासाठी. सुपर बोल खेळलेल्या त्या माणसाला २०१७ पासून कुणी उभं केलं नाही, मग याचे एवढे लाड का? प्रश्न रास्त आहे. पण त्यावर उपाय म्हणजे केपरनिकलाही बोलवा. टीबोला हाकलून केपरनिकला काय मिळणार होतं?

शिवाय मिळालं काय होतं ते बघा. सराव शिबिरातल्या ९० जागांपैकी एक. अंतिम संघ ५३ चा, करारात पगाराची हमी नाही. म्हणजे इंटरव्ह्यूचा कॉल, ऑफर लेटर नव्हे. १४ ऑगस्टला, नेमक्या ३४ व्या वाढदिवशी, क्लीव्हलँडविरुद्ध सराव सामना झाला. एकही चेंडू हाती आला नाही, आणि प्रतिस्पर्ध्याला अडवताना उडालेल्या फजितीची क्लिप जगभर फिरली. तीन दिवसांनी त्याला सोडलं. वशिल्यानं तो दारापर्यंत आला, पण टिकाव खेळावरच ठरला. मला हा हिशोब चोख वाटतो.

आता मुद्दा धर्माचा. त्याचा धर्म माझा नाही, गर्भपाताविषयीची त्याची जाहीर मतंही मला पटत नाहीत. पण इतक्या उघडपणे श्रद्धा मिरवणारा माणूस संघात कटकटच, असं सहज बोललं जायचं तेव्हा मला आपलीच मंडळी आठवायची. एकादशीला टीम लंचमध्ये "उपास आहे" म्हणण्याऐवजी "आज पोट बरं नाही" सांगणारे कितीतरी जण माझ्या ओळखीचे आहेत. १९९९ मध्ये वडील गेल्यानंतर सचिन प्रत्येक शतकानंतर वर बघायचा, तेव्हा आपल्याला त्यात वावगं काही वाटलं नाही.

आणि टीबोच्या चाहत्यांनाही एक नाव विचारतो: हुसेन अब्दुल्ला. मिनेसोटाचा बचावपटू. हज यात्रेसाठी त्यानं २०१२ चा आख्खा मोसम सोडला. मागे नोकरी राहील याची खात्री नव्हती. २०१३ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सनी त्याला पुन्हा संधी दिली. २९ सप्टेंबर २०१४ ला त्यानं टॉम ब्रेडीचा पास मध्येच पकडून टचडाउन केला आणि मैदानावर कपाळ टेकून सजदा केला. पंचांनी बेशिस्त वर्तनाचा १५ यार्डांचा दंड ठोकला. दुसऱ्या दिवशी लीगला जाहीर करावं लागलं की दंड चुकीचा होता, धार्मिक कृतीला नियमात सूट आहे.

टीबोच्या प्रार्थनेची मॅगझिनांची कव्हरं झाली होती. अब्दुल्लाला आधी दंड झाला, मग नियमपुस्तक उघडलं गेलं. म्हणून टीबोच्या बाजूनं भांडणाऱ्या माझ्या शेजाऱ्याला मी आधी अब्दुल्लाबद्दल विचारलं. त्याला नाव माहीत नव्हतं. क्लिप दाखवल्यावर म्हणाला, याला दंड कशाला? मग आम्ही दोघं टीबोच्या बाजूनं भांडलो.