घणाचे घाव सोसणारी बॅटरी

नारायणगाव-मंचरच्या पट्ट्यात टोमॅटोवर औषध मारणाऱ्याच्या पाठीवर पूर्वी हातानं हापसायचा पंप असे. आता चार्जिंगचा असतो. काहींत जुनी शिशाची बॅटरी, काहींत हलकी लिथियम-आयनची. वर औषधाची टाकी, तळाशी बॅटरी आणि तिला टेकलेला माणसाचा कणा! ही वस्तू पाठीवर घ्यायला हरकत नाही, हे ठरवतात कसं? बॅटरीचे हाल हाल करून.

आधी आत डोकावू. 18 मिलिमीटर व्यासाच्या आणि 65 मिलिमीटर लांबीच्या सेलमध्ये लांब पट्ट्यांची गच्च गुंडाळी असते. एका पट्टीवर ग्रॅफाइट, दुसरीवर बहुधा धातूचं ऑक्साइड. चार्जिंगला लावलं की लिथियमचे आयन ग्रॅफाइटमध्ये शिरतात, वापरताना परत फिरतात. दोन्ही पट्ट्यांच्या मध्ये सुमारे 20 मायक्रॉनचा, केसाहून पातळ प्लास्टिकचा पडदा. सगळी भिस्त त्याच्यावर. सेल शंभरेक अंशांपर्यंत तापला, की ग्रॅफाइटवरचं संरक्षक आवरण मोडू लागतं. त्यातून आणखी उष्णता सुटते. 130 अंशांच्या आसपास पडदा वितळतो, पट्ट्या एकमेकींना भिडतात. मग तापलेलं ऑक्साइड स्वतःच ऑक्सिजन सोडू लागतं. म्हणजे या आगीची शिदोरी तिच्या पोटातच. वर गोधडी टाकून ती विझेल, या भरवशावर राहू नये.

या बॅटरीचं बारसंच लोखंडाच्या घावानं झालं. 1986 साली जपानमध्ये अकिरा योशिनो आपली नवी बॅटरी घेऊन स्फोटकं तपासण्याच्या जागी गेले आणि तिच्यावर लोखंडाचा जड तुकडा टाकला. काहीही झालं नाही. मग शुद्ध लिथियम धातूच्या बॅटरीवर तसाच तुकडा टाकला. भयंकर स्फोट झाला! लिथियम-आयन बॅटरी खऱ्या अर्थानं जन्मली ती त्या क्षणी, असं योशिनो मानतात. 1991 मध्ये सोनीनं ती बाजारात आणली. 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल योशिनोंना आणखी दोघांसोबत मिळालं.

लोखंड आजही सुटलेलं नाही. बॅटरीच्या वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांची 38.3 नावाची चाचणी आहे. तीत अशा गोल सेलवर 15.8 मिलिमीटर जाडीची सळई आडवी ठेवून 61 सेंटिमीटरवरून 9.1 किलोचं वजन सोडतात. दुसऱ्या नमुन्यांना 72 अंशांत सहा तास, लगोलग उणे 40 अंशांत सहा तास, असं दहा वेळा शेकवतात आणि गोठवतात. वर तीन दिशांनी तीन-तीन तास थरथरवतात.

एवढं करूनही वाहनांच्या बाबतीत ते पुरलं नाही. 26 मार्च 2022 रोजी पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली ई-स्कूटर पेटली. त्या उन्हाळ्यात देशात इतरत्रही असे प्रकार झाले. केंद्रानं तज्ज्ञांची समिती नेमली आणि दुचाकींसाठीचं एआयएस-156 हे मानक कडक केलं. पहिला टप्पा 1 डिसेंबर 2022 पासून, दुसरा 31 मार्च 2023 पासून. आता पॅकमधला एक सेल मुद्दाम बेकाबू करतात आणि आग बाहेर येते का, ते पाहतात. माझ्या मते सगळ्यांत मोलाची चाचणी हीच. एक सेल कधी ना कधी दगा देणार, हे तीत गृहीतच धरलंय. पॅक पाण्यात बुडवूनही पाहतात. माळशेजच्या पावसात गाडी घालणाऱ्याला त्याचं महत्त्व सांगायला नको. अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी एआरएआय पुण्याचीच. तिचं मुख्यालय कोथरूडच्या टेकडीवर आहे आणि एक केंद्र चाकणला, म्हणजे मंचरहून पुण्याला जाताना वाटेतच.

कामगिरीची परीक्षा मात्र कंटाळवाणी. चार्ज करा, रिकामी करा, किती वीज परत मिळाली ते मोजा, महिनोन्महिने हेच. पण त्यातलं गणित बघा. दर फेरीला हजारातला एकच भाग क्षमता घटली, तरी 500 फेऱ्यांनी जेमतेम 60 टक्के उरते. 80 टक्के टिकवायची तर फेरीमागची घट हजारात अर्ध्या भागाहूनही कमी हवी. एवढी बारीक गळती पकडायची, म्हणून मोजणारी यंत्रंही तितकीच काटेकोर लागतात.

हे सगळं सोसतात ते नमुने. तुमच्या हातातली बॅटरी नव्हे. म्हणून मोबाइलची बॅटरी किंवा पॉवर बँक घेताना बीआयएसचा 'आर'नं सुरू होणारा क्रमांक पाहा. बिननावाचे सुटे सेल जोडून पॅक बनवून घेऊ नका. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नका. आणि फवारणीचा पंप रात्री गोठ्यात, कडब्याच्या गंजीशेजारी तर मुळीच चार्जिंगला ठेवू नका.