परतीला निघालेले पाहुणे

पक्षी पाहायचे ते पौष-माघात, असा आपला समज असतो. तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. थंडीत तळ्यांवर बदकांची खरोखरच दाटी असते. पण एकदा फाल्गुनात जाऊन पाहा. थंडीत पाहुणा आलेला दिसतो. वसंतात तो निघायची तयारी करताना दिसतो, आणि ही तयारी मोठी पाहण्यासारखी असते.

त्यासाठी नाशिक जिल्ह्यातलं नांदूर-मधमेश्वर उत्तम. गोदावरी-कादवेच्या संगमापाशी गेल्या शतकाच्या आरंभी इथे बंधारा झाला. मागे गाळ साचत गेला. माणसाच्या हिशेबी तो तोटाच. पण उथळ पाणी, चिखल आणि पाणवनस्पती यांमुळे पाखरांना भरलेलं ताट मिळालं! 1986 मध्ये हे अभयारण्य झालं आणि 2019 मध्ये रामसर यादीत गेलं. त्या यादीतलं महाराष्ट्राचं हे पहिलंच ठिकाण.

गेल्या फाल्गुनात काही विद्यार्थ्यांना घेऊन मी तिथे गेलो. सोबत गावातलाच एक वाटाड्या होता. तो आधी म्हणाला, "सगळेच पाहुणे समजू नका हं." समोरची जांभळी पाणकोंबडी बारमाही इथलीच. मग पाहुणा ओळखायचा कसा? वसंतात एक खूण मदतीला येते. ती म्हणजे बदललेला वेष.

काळ्या शेपटीचा पाणटिवळा घ्या. लांब सरळ चोच चिखलात खुपसत फिरणारा हा पक्षी थंडीभर राखी-करडा असतो. फाल्गुनात त्याच्या मानेवर विटकरी रंग चढू लागतो. तिथे नवी पिसं येत असतात. काठावर शेपूट हलवत धावणारा पिवळा धोबीही आता हळदीसारखा उजळतो. भोरडीची गंमत याहून निराळी. ज्वारीच्या राखणदाराला गोफण उचलायला लावणारी ती हीच. वसंतात ती फुललेल्या पळसावर गर्दी करते, म्हणून तिला पळसमैनाही म्हणतात. तिच्या पिसांची टोकं मळकट असतात. ती झिजली की खालचा गुलाबी रंग उघडा पडतो. आपले कपडे झिजून विटतात. हिचा पोशाख झिजून उजळतो!

हा थाट कशासाठी? विणीसाठी. ही पाखरं इथे खायला येतात. घरटी मात्र तिकडे उत्तरेकडे, मध्य आशियात आणि त्याही पलीकडे. एका अर्थी तेच त्यांचं माहेर म्हणा ना! तिकडच्या उन्हाळ्यात दिवस लांब असतो, पिल्लांना किडे मुबलक मिळतात. निघायची वेळ त्यांना कळते ती मुख्यतः वाढत्या दिवसमानावरून. दिवस मोठा होऊ लागला की शरीरातले अंतःस्राव बदलतात, भूक वाढते आणि अंगावर चरबी चढते.

ही चरबी म्हणजेच प्रवासाची शिदोरी. एक ग्रॅम पिष्टातून सुमारे 4 किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर तेवढ्याच चरबीतून सुमारे 9. ओझं कमी, पल्ला मोठा. काही छोटे पक्षी तर निघण्यापूर्वी आपलं वजन जवळजवळ दुप्पट करतात.

हे सारं मी सांगत होतो, इतक्यात एका विद्यार्थ्याने थवा उडताना पाहावा म्हणून जोरात टाळी वाजवली. शे-दोनशे पाणटिवळे एकदम उठले, तीन घिरट्या घालून पलीकडच्या काठाला उतरले. मुलं हरखली. वाटाड्या रागावला नाही. एवढंच म्हणाला, "दादा, त्यांची शिदोरी सांडली."

माझ्या सगळ्या व्याख्यानाचं सार त्या एका वाक्यात आलं. विनाकारण उडवलेला पक्षी कमावलेली चरबी खर्च करतो आणि तेवढा वेळ खाणंही मुकतो. एका टाळीने फारसं बिघडत नाही, हे खरं. पण सकाळपासून दहा टोळक्यांनी दहा टाळ्या वाजवल्या तर?

तेव्हा तुम्ही जाल तेव्हा इतकं करा. सूर्योदयाला पोचा, ऊन पाठीशी घ्या, कपडे मळखाऊ रंगाचे घाला. पुढे पुढे जाण्यापेक्षा एका जागी अर्धा तास बसा. दुर्बिणीतून आधी आकार, मग चोच, मग पाय पाहा, रंग शेवटी. आणि खाणाऱ्या थव्याने माना वर केल्या, की समजा, आपण फार जवळ आलो. दोन पावलं मागे या.

एक वहीही जवळ ठेवा. पहिल्यांदा दिसलेल्या पक्ष्याची तारीख सगळेच लिहितात. तुम्ही शेवटच्या दिवसाचीही लिहा. चैत्र सरता सरता यातले बहुतेक पाहुणे गेलेले असतील. भोरड्या मात्र श्रावण-भाद्रपदातच परतू लागतात. तेव्हा त्याच पानावर दुसरी तारीख लिहायला जागा सोडायला विसरू नका.