प्लॅन वाढवला, पैसे वाढले, स्पीड मात्र तिथंच? अजून वरचा प्लॅन घेण्याआधी वायर लावून बघा

माळशिरस : घरच्या नेटचा प्लॅन ४० एमबीपीएसवरून १०० चा केला. महिन्याचं बिल वाढलं. मोबाईलवर स्पीड टेस्ट लावली तर काटा पुन्हा ३५-४० वरच येऊन थांबला. अशा वेळी मिळणारा सल्ला ठरलेला असतो, ‘अजून वरचा प्लॅन घ्या.’

तो सल्ला ऐकण्याआधी पाच मिनिटांची एक तपासणी करावी. वाढवलेला स्पीड बऱ्याचदा घराच्या भिंतीपर्यंत नीट आलेला असतो आणि पुढं वाय-फायमध्ये अडतो. तसं असेल तर २०० चा प्लॅन घेऊनही मोबाईलवर ४०च दिसणार आणि जादाचे पैसे दर महिन्याला पाण्यात. उलट, स्पीड घरापर्यंतच येत नसेल तर राउटर बदलून काही उपयोग नाही, तिथं कंपनीलाच धरावं लागतं. दुखणं घरात आहे की बाहेर, एवढं आधी ठरवायचं.

आधी हिशोब नीट समजून घ्या

प्लॅनवर लिहिलेला १०० चा आकडा मेगाबिटचा असतो. फाईल डाउनलोड होताना स्क्रीनवर दिसतो तो आकडा मेगाबाईटचा. आठ बिट मिळून एक बाईट होतो. म्हणजे १०० एमबीपीएसचा प्लॅन पूर्ण चालत असला तरी डाउनलोडचा वेग सेकंदाला साडेबारा एमबीच दिसणार आणि एक जीबीची फाईल उतरायला साधारण ८० सेकंद लागणार. ‘१०० चे पैसे घेतात आणि १२ देतात’ अशी तक्रार घेऊन भांडायला गेलेला माणूस इथंच हरतो.

दुसरं, प्लॅन खरंच बदललाय का? पैसे भरले म्हणजे स्पीड लगेच वाढतो असं नाही. काही ठिकाणी नवा प्लॅन पुढच्या बिलापासून लागू होतो. काही वेळा कंपनीच्या सिस्टीममध्ये प्लॅन बदललेला असतो, पण घरचा डबा जुन्याच जोडणीवर चालू असतो. त्यासाठी डबा बटणावरून बंद करून दहा मिनिटं तसाच ठेवायचा आणि मग सुरू करायचा. नव्यानं लॉगिन झालं की नवा स्पीड लागतो. तरीही फरक नाही पडला तर ऑपरेटरला ‘नेट स्लो आहे’ असं मोघम सांगू नका. ‘माझ्या आयडीवर आता कोणत्या स्पीडचा प्रोफाइल लावलाय?’ असं विचारा. याचं उत्तर त्याला फोनवरच देता येतं.

खरी तपासणी : वायर लावून

घरात किंवा शेजारी कुणाचा लॅपटॉप असेल तर तो लॅन केबलनं थेट कंपनीच्या डब्याला जोडा. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा. घरातले टीव्ही, मोबाईल आणि सीसीटीव्ही तेवढ्या वेळापुरते बंद ठेवा. मग टेस्ट लावा.

वायरवर ९० ते ९५ आले तर १०० चा प्लॅन घरात पूर्ण पोचलाय. दोष वाय-फायचा आहे. वायरवरही ४०च आले तर दोष बाहेरचा किंवा प्रोफाइलचा.

प्लॅन २०० किंवा ३०० चा असेल आणि वायरवर आकडा ९४-९५ ला अडकत असेल तर त्याचा अर्थ वेगळा. डब्याचा किंवा लॅपटॉपचा लॅन पोर्ट १०० च्याच क्षमतेचा आहे, नाहीतर केबलच्या आतल्या आठ तारांपैकी एखादी तुटलेली आहे. गिगाबिटसाठी आठही तारा लागतात. चारच लागल्या तर जोडणी गुपचूप १०० वर उतरते आणि कुठं काही लाल दिसत नाही. पाच-सात वर्षांपूर्वीचा डबा तसाच ठेवून २०० चा प्लॅन विकला जातो तेव्हा हे हमखास घडतं. वरचा प्लॅन घेताना ‘डब्याचा पोर्ट गिगाबिट आहे का’ हा एक प्रश्न विचारला तरी वर्षाचे पैसे वाचू शकतात.

लॅपटॉप नसेल तर मोबाईलवरही अंदाज येतो. डब्यापासून सहा-सात फुटांवर उभं राहा, मोबाईल डेटा बंद करा आणि मग टेस्ट घ्या. डेटा बंद करणं महत्त्वाचं आहे. वाय-फाय कमजोर झालं की काही फोन गपचूप सिमच्या नेटवर जातात, मग टेस्ट होते टॉवरची आणि राग निघतो फायबरवर.

वाय-फायमध्ये स्पीड कुठं जातो

वाय-फाय दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ चा पल्ला लांब असतो, भिंतीतूनही तो बऱ्यापैकी जातो, पण त्याचा वेग कमी. साध्या डब्यावर घरात ३० ते ५० मिळाले तरी ते ठीकच म्हणायचं. ५ वर १०० च्या पुढं सहज जाता येतं, पण दोन भिंती आडव्या आल्या की तो दम सोडतो. ‘४० चा प्लॅन १०० केला तरी ४०च’ या तक्रारीमागं बहुतेक वेळा एवढंच असतं : डबा फक्त २.४ वर चालणारा जुना आहे किंवा मोबाईल २.४ ला चिकटून बसलाय.

ओळखायला सोपं आहे. मोबाईलच्या वाय-फाय यादीत आपलंच नाव दोनदा, एकाच्या शेवटी ‘५जी’ असं दिसत असेल तर डबा दोन्ही पट्ट्यांचा आहे. त्या दुसऱ्या नावाला जोडून बघा. सिमच्या ५जीशी त्याचा काही संबंध नाही, ते नुसतं पट्टीचं नाव आहे. काही नवे डबे दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात. तिथं मोबाईलमध्ये जोडलेल्या वाय-फायच्या माहितीत पट्टी लिहिलेली असते. स्वस्तातले आणि जुने मोबाईल, तसंच बरेच स्मार्ट टीव्ही ५ ची पट्टी पकडतच नाहीत. त्यांच्यासाठी डबा बदलून फायदा नाही. टीव्हीला शक्य असेल तर वायरच लावावी.

आता डबा कुठं ठेवलाय ते बघा. लाईनमन वायर जिथून आत घेतो तिथंच तो टांगून जातो. म्हणजे दाराच्या वर, शोकेसमध्ये टीव्हीच्या मागं किंवा लोखंडी कपाटावर. लोखंड लहरी अडवतं. पत्र्याची भिंत, स्लॅब, जुन्या घराच्या दगडी भिंती आणि आरसा लावलेलं कपाटही अडवतं. घराच्या मधोमध, डोक्याच्या उंचीला, उघड्यावर डबा ठेवला की फुकटात फरक पडतो. फायबरची पातळ वायर मात्र स्वतः ओढू नका आणि तिला काटकोनात दुमडू नका. काच असते ती. तीव्र वळणावर आतला प्रकाश बाहेर सांडतो.

मागच्या खोलीत किंवा गोठ्याकडं रेंज जावी म्हणून बाजारातून रिपीटर आणून बसवला जातो. रेंजच्या कांड्या फुल होतात, स्पीड मात्र निम्मा होतो. साधा रिपीटर एकाच पट्टीवर ऐकतो आणि तिच्यावरच बोलतो, त्यामुळं अर्धा वेळ ऐकण्यात जातो. त्यापेक्षा डब्यापासून मागच्या खोलीपर्यंत लॅन केबल टाकून तिथं दुसरा राउटर लावणं कधीही चांगलं. लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते. रस्त्यापलीकडच्या वस्तीवर उघड्यावरून मात्र ती टाकू नये. वळवाच्या विजा तांब्यातून थेट डब्यापर्यंत येतात. तिथं फायबरच टाकून घ्यावं.

आणि पासवर्ड. नवा डबा लावताना लाईनमन जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड ठेवतो, म्हणजे घरातले फोन आपोआप जोडले जातात. त्यासोबत शेजाऱ्यांचे, पाहुण्यांचे आणि दोन वर्षांपूर्वी पासवर्ड घेतलेल्या गल्लीतल्या पोरांचे फोनही जोडले जातात. नवा प्लॅन घेतला की पासवर्ड बदलायचा. वाईटपणा नको असेल तर ‘कंपनीनं बदललाय’ म्हणून सांगायचं.

सकाळी पळतं, रात्री रडतं

वायरवर सकाळी सहाला ९५ आणि रात्री नऊला २० असा फरक पडत असेल तर घरात काही शोधत बसू नका. फायबरची एक मुख्य लाईन स्प्लिटरनं वाटून ३२ किंवा ६४ घरांना दिलेली असते. सध्या गावोगाव असलेल्या जीपॉन तंत्रात त्या लाईनची क्षमता सुमारे २५०० एमबीपीएस असते. म्हणजे ६४ घरांनी एकाच क्षणी पूर्ण ओढलं तरी प्रत्येकी ३९ च्या आसपास. सगळे एकदम ओढत नाहीत, म्हणून १०० चे प्लॅन विकता येतात आणि त्यात लबाडी नाही. खरी अडचण पुढं असते. स्थानिक ऑपरेटरनं वरून घेतलेली क्षमता तेवढीच राहते आणि ग्राहक वाढत जातात. त्यात प्रत्येकाला वरचा प्लॅन दिला तर रात्री सगळेच रांगेत.

पुरावा लागतो तो इथं. तीन दिवस सकाळी, दुपारी आणि रात्री वायरवर टेस्ट घ्या, तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट ठेवा. वर्षाचे पैसे एकदम भरून सूट घ्यायची असेल तर एक महिना संध्याकाळचा स्पीड बघूनच भरा.

महिन्याच्या शेवटीच नेट रांगत असेल तर तो एफयूपीचा प्रकार. ठरलेला डेटा संपला की स्पीड कमी केला जातो. डेटा ५०, ९० आणि १०० टक्के वापरला गेला की ग्राहकाला तसं कळवलं पाहिजे, असा ट्रायचा २०१६ चा आदेश आहे. दुकानातले कॅमेरे चोवीस तास क्लाउडवर चित्रण पाठवत असतील तर डेटाही तेच खातात आणि अपलोडही तेच अडवतात. अपलोड भरलं की व्हिडिओ कॉल अडखळतो, डाउनलोड कितीही मोकळं असलं तरी.

लाईनचं दुखणं

डब्यावर ‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल झाला तर प्रकाशच येत नाही, वायर कुठंतरी तुटलीय. आपल्याकडं त्याला कारणं भरपूर. पालखी मार्गाच्या कामापासून गल्लीतल्या पाण्याच्या पाइपपर्यंत कुठंही जेसीबी लागतो. गळीत हंगामात उसाच्या उंच ट्रॉल्यांना लोंबती केबल अडकते. पाचट पेटवलं की वरून गेलेली वायर वितळते. तुटलेली वायर जोडली जाते, पण प्रत्येक कच्च्या जोडाला थोडा प्रकाश गळतो.

लाल दिवा नसताना नेट सारखं तुटत असेल तर लाईनमनला ‘पॉवर किती येतेय’ असं विचारा. त्याच्याकडं मोजायचं मीटर असतं. आकडा उणे असतो, त्यामुळं गोंधळ होतो : उणे २० चांगला, उणे २७ म्हणजे काठावर. दर तीन अंकांनी प्रकाश निम्मा होतो. एक गोष्ट लक्षात ठेवावी, प्रकाश थोडा कमी झाला म्हणून स्पीड थोडा कमी होत नाही. मर्यादेच्या आत असेपर्यंत काही फरक जाणवत नाही, मर्यादा ओलांडली की नेट तुटायला लागतं. त्यामुळं कायम ४० वर स्थिर असलेल्या स्पीडला ‘लाईनला पॉवर कमी आहे’ हे कारण कुणी दिलं तर ते पटण्यासारखं नाही.

तक्रार कुठं आणि कशी

लाईनमनला दहा फोन केले तरी ती तक्रार धरली जात नाही. कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर किंवा अ‍ॅपवर नोंदवा आणि डॉकेट नंबर लिहून घ्या. त्यातून काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडं जाता येतं. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार हे अपील मोफत आहे आणि ते ३९ दिवसांत निकाली काढायचं असतं. ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा नंबरही आहे.

त्यापुढं सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. टेलिफोन-इंटरनेटच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालतात, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही. अर्ज ऑनलाईन करता येतो, सोलापूरला हेलपाटा मारावा लागत नाही.

मात्र तक्रारीत काय मागायचं ते जपून ठरवा. केंद्र सरकारच्या २०२३ च्या व्याख्येप्रमाणं किमान २ एमबीपीएस डाउनलोड मिळालं की ते ब्रॉडबँड ठरतं. त्यामुळं ‘नेट स्लो आहे’ एवढ्यावर दाद मिळणं अवघड. ‘अमुक तारखेपासून १०० च्या प्लॅनचे पैसे भरतोय, वायरवर या या वेळी इतका स्पीड आला, डॉकेट नंबर हा’ असं लिहा आणि स्क्रीनशॉट जोडा.

यासाठी कनेक्शन स्वतःच्या नावावर हवं. गावात रोख पैसे देऊन, पावतीशिवाय चाललेली कनेक्शनं कमी नाहीत. काही ठिकाणी दोन घरं एकाच आयडीवर असतात. आपला ग्राहक क्रमांक कंपनीच्या अ‍ॅपमध्ये टाकून बघा. नाव आणि प्लॅन तिथं दिसत नसेल तर स्पीडचं नंतर, आधी तेवढं दुरुस्त करून घ्या.